त्र्याऐंशी चिठ्ठ्या

जानेवारीत जमीन इतकी गोठलेली असते की साधी पाटी रोवायची म्हटली तरी आधी पहारेनं भोक पाडावं लागतं. त्या ठणठण आवाजानंच अर्लिस तेन हाकेन खिडकीपाशी आली. तिचा धाकटा भाऊ व्हर्लिन तिच्या अंगणात, टपालपेटीच्या शेजारी, पहार मारत होता. बाजूला बर्फावर एक निळी पाटी आडवी पडली होती. तिच्यावर एकच शब्द होता: स्ट्राउड.

नवऱ्याचा, मर्लचा, कोट खांद्यावर टाकून ती बाहेर आली.

"विचारायचं तरी होतंस," ती म्हणाली.

"त्यात काय विचारायचं, ताई? अख्ख्या रस्त्यावर तुमचंच घर बिनपाटीचं राहिलंय. लांबून बघितलं तर दात पडलेल्या जागेसारखं दिसतं."

"माझं अजून ठरलं नाही."

व्हर्लिन थांबला. त्याच्या मिशांवर श्वासाचं बर्फ धरलं होतं. "ठरलं नाही," तो तिचेच शब्द चघळत म्हणाला. "नऊ दिवस राहिलेत."

"नऊ दिवस पुष्कळ झाले."

तो हसला, पहार खांद्यावर टाकली आणि गाडीकडे निघाला. पाटी मात्र तिथंच ठेवून गेला. "ठरलं की मर्ल ठोकेल," असं जाता जाता म्हणाला.

अर्लिस एकसष्ट वर्षांची होती आणि चौतीस वर्षं गावच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ऑर्गन वाजवत होती. मत देणं ही तिच्या लेखी प्रार्थनेइतकीच गंभीर गोष्ट. अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवायची पहिली पाळी आयोवाची. त्यामुळे दर चार वर्षांनी देशातले मोठमोठे लोक त्यांच्या दीड हजार वस्तीच्या गावात येत, पिझ्झा खात, डुकरांच्या भावाची चौकशी करत आणि लोकांचे हात हातात घेऊन बोलत. अर्लिस प्रत्येकाला ऐकायला जायची. तिचे प्रश्न ठरलेले होते. पोटातल्या बाळाच्या जिवासाठी काय करणार, न्यायाधीश कोणते नेमणार, आणि मंडळीच्या शाळांना सुखानं जगू देणार का. पहिला प्रश्न तिच्यासाठी राजकारणाचा नव्हताच. तिची थोरली मुलगी सातव्या महिन्यात पोटातच गेली होती. तिला नाव ठेवलं होतं, दफनभूमीत तिचा वीतभर दगड होता. ते बाळ नव्हतंच असं कुणी टीव्हीवर म्हणालं की अर्लिस उठून दुसऱ्या खोलीत जायची.

या खेपेला तिच्यापुढं दोघंच उरले होते, आणि दोघांचीही उत्तरं तिला हवी तशीच होती. म्हणून तर ठरत नव्हतं.

सेनेटर अ‍ॅम्सडेन ऑक्टोबरात येऊन गेले. हॉटेलच्या मागच्या खोलीत जेमतेम चाळीस माणसं. त्यांच्या टायवर सॉसचा डाग पडला होता आणि तो त्यांच्या लक्षातही आला नव्हता. नेहमीचे प्रश्न झाल्यावर अर्लिसनं विचारलं, "आज सकाळी तुम्ही कशासाठी प्रार्थना केलीत?"

त्यांनी हातातली कॉफी खाली ठेवली. मग म्हणाले, "मुलासाठी. दोन वर्षं झाली, तो माझ्याशी बोलत नाही."

घरी येताना ती मर्लला म्हणाली की हा माणूस खरंच गुडघे टेकतो. पण व्हर्लिननं पुढच्याच रविवारी जेवणावर विचारलं, "सज्जन आहे, कबूल. पण या सज्जन माणसानं वीस वर्षांत आपल्या पदरात काय टाकलं?" तो प्रश्न तिच्या मनातून गेला नव्हता.

स्ट्राउड नोव्हेंबरात आला. कॉलेजच्या व्यायामशाळेत चार हजार माणसं, बाहेर आणखी तेवढीच. त्यानं दोन बायका सोडल्या होत्या, आणि तो कुठल्या मंडळीत जातो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण तो बोलायला लागला आणि अर्लिस पुढं सरकून ऐकायला लागली. "ते तुम्हाला हसतात," तो हळू आवाजात म्हणाला. "तुमच्याच पोरांना तुमची लाज वाटायला शिकवतात." अर्लिसची धाकटी मिनियापोलिसला असते, ती तीन नाताळ घरी आली नव्हती. हे त्याला कुणी सांगितलं, असंच तिला वाटून गेलं.

मग तो म्हणाला, "कोण त्रास देतं तुम्हाला? नावं सांगा. मी विसरत नाही."

लोक नावं घ्यायला लागले. वर्तमानपत्रवाले, मंत्री, कुठल्या कुठल्या शाळांचे प्रमुख. ज्या न्यायाधीशानं गर्भपातबंदीचा कायदा उलटवला होता त्याचं नाव अर्लिसनं घेतलं, तेही उभं राहून, मोठ्यानं. तोंडात साखर विरघळावी तसं तिला वाटलं. लोक हसले, तीही हसली. आणि ते हसू तोंडावर असतानाच तीन रांगा मागून एक पुरुषी आवाज आला, "वीर्समा."

वीर्समा म्हणजे त्यांच्याच मंडळीचे पाळक. स्ट्राउडनं ते नाव वेडंवाकडं उच्चारलं, एक बोट कपाळाला लावलं आणि पुढं गेला.

पाळकांनी एवढंच केलं होतं की मंडळीच्या दाराशी जे टेबल असतं त्यावर स्ट्राउडची पत्रकं ठेवू दिली नव्हती. अ‍ॅम्सडेनचीही ठेवू दिली नसती. "उपासनेच्या दारात मी कुणाचाच कागद ठेवणार नाही," असं ते मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळाच्या बैठकीत म्हणाले. त्या मंडळात व्हर्लिन होता.

पाटी अंगणात पडली त्यानंतर तीन दिवसांनी फूटभर बर्फ पडलं. पाळकांच्या घरासमोरचा रस्ता मंडळीतलंच कुणीतरी सकाळी सहाच्या आत यंत्र आणून साफ करतं, ही तिच्या आजोबांच्या काळापासूनची पद्धत. नऊ वाजता अर्लिस तिथून गेली तेव्हा पाळक एकटेच हातातल्या फावड्यानं बर्फ उपसत होते. अर्धाही रस्ता झाला नव्हता. त्यांच्या टपालपेटीचा खांब मोडून पडला होता, आणि तो बर्फाच्या ओझ्यानं मोडल्यासारखा दिसत नव्हता.

ती घरी येऊन मर्लला म्हणाली, "जा जरा यंत्र घेऊन."

मर्ल कॉफी ढवळत राहिला. "यंदा नको म्हणालेत."

"कोण म्हणालं?"

"असं कुणी म्हणालं नाही. पण नको."

त्यांच्या डुकरांचं खाद्य व्हर्लिनच्या गिरणीतून यायचं. दर गुरुवारी, एकोणीस वर्षं. मर्लनं तो विषय काढला नाही आणि अर्लिसनंही नाही. तिनं कोठारातून फावडं काढलं आणि स्वतःच गेली.

पाळकांना ती दिसली तसे ते घाईघाईनं पुढं आले. "अर्लिसबाई, तुम्ही घरी जा. लोक बघतील."

"बघू देत. चौतीस वर्षं ऑर्गनवर पाठच बघताहेत माझी."

ते हसले नाहीत. दोघं बर्फ उपसत राहिले. मग तिनं विचारलं, "पाळकसाहेब, मी कुणाला मत देऊ?"

"मला विचारू नका," ते म्हणाले. "मी सांगितलं तर ते मत माझं होईल. आणि मला सध्या स्वतःचं एकसुद्धा जवळ बाळगायची भीती वाटते."

चाळिशीचा माणूस, पण त्या सकाळी तो तिला तिच्या वडिलांच्या वयाचा वाटला.

रविवारी मंडळी नेहमीसारखी भरली. उलट जरा जास्तच भरली. पाळकांनी प्रार्थनेत दोन्ही उमेदवारांची नावं घेतली, दोघांनाही देव शहाणपण देवो म्हणाले, आणि गीताचा आकडा सांगितला. अर्लिसनं सुरुवातीचे स्वर वाजवले, श्वासभर थांबली आणि पहिलं कडवं धरलं.

कुणी गायलं नाही.

आधी तिला वाटलं आपलाच स्वर चुकला. ऑर्गनच्या वर छोटा आरसा लावलेला असतो. तिनं त्यात पाहिलं. सगळे उभे होते, पुस्तकं उघडी होती, तोंडं मिटलेली होती. मागं कुठंतरी दोन म्हाताऱ्यांचे आवाज कापत निघाले आणि दुसऱ्या कडव्याआधीच विझले. ती वाजवत राहिली. चारही कडवी एकट्या ऑर्गननं म्हटली. मग सगळे बसले. प्रवचन सुरू झालं की मंडळीभर पेपरमिंटच्या कागदांची सळसळ होते, लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत. त्या दिवशी तीही झाली नाही. एवढी शिस्त कुणी कधी शिकवली, हे तिला कळेना.

दुपारी व्हर्लिन आला. बूट न काढताच दारात उभा राहिला.

"उद्याच्या मतदानाच्या सभेत स्ट्राउडच्या बाजूनं कुणीतरी दोन मिनिटं बोलायला हवं. तू बोललीस तर बायका ऐकतील."

"मी बोलणार नाही."

"वाटलंच होतं मला." त्यानं टोपी हातात फिरवली. "मग निदान त्या दुसऱ्यासाठी बोलू नकोस. एवढं तरी कर."

"मत गुप्त असतं ना, व्हर्लिन?"

"असतं की."

"मग तू असा घाबरल्यासारखा का दिसतोस?"

तो टोपी घालून बाहेर पडला. गाडीत बसल्यावर त्यानं बराच वेळ गाडी सुरू केली नाही.

सोमवारी संध्याकाळी सात वाजता शाळेच्या जेवणघरात सभा भरली. बाहेर हाडं फोडणारी थंडी होती. आत त्र्याऐंशी माणसं, सगळी एकमेकांना जन्मापासून ओळखणारी. पाळक आणि त्यांची बायको कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले होते आणि त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. उशिरा आलेले लोक भिंतीला टेकून उभे राहिले, पण त्या खुर्च्यांवर कुणी बसलं नाही.

व्हर्लिन सभेचा प्रमुख होता. वाचनालय चालवणारी ट्वायला फळ्यावर नोंद करायला उभी होती. स्ट्राउडच्या बाजूनं ब्रेंट नावाचा तरुण शेतकरी बोलला. ब्रेंटला अर्लिसनं रविवारच्या शाळेत शिकवलं होतं. तो शांतपणे, जवळजवळ लाजत बोलला. म्हणाला, आता मोजायची वेळ आली आहे, आपल्यातले कोण आणि त्यांच्यातले कोण. टाळ्या पडल्या. मग व्हर्लिननं विचारलं, अ‍ॅम्सडेनच्या बाजूनं कुणाला बोलायचंय? अ‍ॅम्सडेनचं पत्र वाचायला येणार असलेला माणूस आलाच नव्हता. छताखालचे दिवे गुणगुणत होते, तेवढाच आवाज.

कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. अर्लिसनं पेन्सिल हातात घेतली तेव्हाही तिचं ठरलेलं नव्हतं, हे खरं. स्ट्राउड शब्दाचा पक्का होता. तो न्यायाधीश आणेल, कायदा आणेल, पुढं कुणाची तरी सातव्या महिन्यातली मुलगी वाचेल. अ‍ॅम्सडेनच्या हातून काही होईल याची खात्री नव्हती. ती मनातल्या मनात त्या वीतभर दगडापाशी जाऊन उभी राहिली आणि तिथंच तिला व्यायामशाळेतली तोंडातली ती साखर आठवली. ती चव घेऊन आपण या मुलीपुढं उभे राहू शकत नाही, एवढं तिला कळलं. अक्षर बदलून लिहावं असंही क्षणभर मनात आलं. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. रोजच्या अक्षरात तिनं अ‍ॅम्सडेन लिहिलं आणि चिठ्ठी तीनदा दुमडली.

चिठ्ठ्या आईस्क्रीमच्या रिकाम्या बादलीत गोळा झाल्या. त्यांच्या गावात त्या मोठ्यानं वाचायची पद्धत आहे. व्हर्लिन एकेक उघडून वाचू लागला. स्ट्राउड. स्ट्राउड. स्ट्राउड. विसाव्या की एकविसाव्या चिठ्ठीला त्यानं "अ‍ॅम्सडेन" म्हटलं आणि सगळ्या माना कोपऱ्याकडं वळल्या. पाळकांच्या बायकोनं हातमोजे मांडीवर घट्ट धरले. थोड्या वेळानं दुसरी आली. पुन्हा माना वळल्या. कुणीतरी हलकेच म्हणालं, "झाली जोडी," आणि खसखस पिकली.

मग व्हर्लिनच्या हातात एक तीनदा दुमडलेली चिठ्ठी आली. बाकी सगळ्या एकदाच दुमडलेल्या होत्या. त्यानं ती उघडली. त्याचा अंगठा कागदावरून एकदा फिरला.

"स्ट्राउड," तो म्हणाला आणि चिठ्ठी ढिगावर ठेवली.

अर्लिसला आपण नीट ऐकलं की नाही तेच कळेना. चिठ्ठ्या संपल्या. ट्वायलानं फळ्यावर बेरीज लिहिली: स्ट्राउड एक्याऐंशी, अ‍ॅम्सडेन दोन. लोक कोट घालायला लागले.

अर्लिस उठून उभी राहिली. मर्लनं तिची बाही धरली. तिनं ती सोडवून घेतली.

"पुन्हा मोजा," ती म्हणाली.

"ताई, खाली बस," व्हर्लिन म्हणाला. त्याचा आवाज अगदी हळू होता.

"मी अ‍ॅम्सडेन लिहिलं होतं. तुम्ही स्ट्राउड वाचलंत. पुन्हा मोजा."

कोट घालणारे हात थांबले. कुणी रागावलं नाही, कुणी ओरडलं नाही. सगळे नुसते तिच्याकडं पाहत राहिले. ब्रेंट पुढं आला आणि नम्रपणे म्हणाला, "मोजू या की. ट्वायला, तुम्ही मोजा."

ट्वायलानं ढीग पुढं ओढला. तिला बराच वेळ लागला. मग तिनं फळा पुसला आणि नवे आकडे लिहिले. स्ट्राउड अठ्ठ्याहत्तर. अ‍ॅम्सडेन पाच.

म्हणजे व्हर्लिननं एक नाही, तीन चिठ्ठ्या उलट्या वाचल्या होत्या. पाचांपैकी दोन कोपऱ्यातल्या, एक अर्लिसची. उरलेल्या दोन कुणाच्या? तोच प्रश्न त्या खोलीतल्या प्रत्येकाला पडलेला तिला दिसला. लोक एकमेकांकडं पाहायला लागले, चाळीस वर्षांचे शेजारी, भाऊ, व्याही, आणि नजर भेटली की जरा जास्तच हसायला लागले.

बाहेर गाडीपाशी व्हर्लिननं तिला गाठलं. "मी झाकलं होतं," तो म्हणाला. "तू उघडं पाडलंस. आता ते शोधत बसतील."

घरी जाताना मर्लनं अर्धा रस्ता नुसती गाडी चालवली. मग समोर बघतच म्हणाला, "चौथी माझी."

तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

राज्यात स्ट्राउड मोठ्या फरकानं जिंकला. मंगळवारी वीर्समा पाळकांनी मिशिगनमधल्या एका मंडळीला तिकडं पाळक म्हणून यायचा होकार कळवल्याचं समजलं. ईस्टरपर्यंतही ते थांबणार नव्हते. गुरुवारी खाद्याची गाडी आली नाही. दुपारी ट्वायला केकचा डबा घेऊन आली, कोट न काढताच स्वयंपाकघरात बसली.

"चिठ्ठ्यांचं पाकीट तालुक्याला पाठवायचं होतं," ती म्हणाली. "काल ब्रेंट आणि आणखी दोघं आले होते. म्हणे ते पाच कागद जरा बघायला द्या. मंडळीच्या कपाटात सगळ्यांच्या सह्या आहेत, अक्षरं आहेत, ताडून बघू."

"दिलेस?"

"त्याआधीच व्हर्लिन येऊन घेऊन गेला होता. मी त्यांना तसं सांगितलं." ट्वायलानं डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. "सांगायला नको होतं का गं?"

अर्लिस तशीच गिरणीवर गेली. व्हर्लिन कचेरीत एकटाच होता, लोखंडी भट्टीपाशी खुर्ची ओढून.

"चिठ्ठ्या कुठं आहेत?"

त्यानं भट्टीकडं मान हलवली. "पाचही."

"दोन पाळकांच्या, दोन आमच्या. पाचवी कुणाची होती?"

तो खिडकीतून आवारातल्या वजनकाट्याकडं बघत राहिला. तिथं कुणी नव्हतं. "माझी," तो म्हणाला. "लिहिताना खोटं लिहवेना, ताई. वाचताना मात्र बोलता आलं."

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मग पाट्या कशाला रोवत फिरत होतास? पाळकांचा रस्ता का नाही साफ केलास? थांबव ना हे. वडीलमंडळात तू आहेस, गिरणी तुझी आहे."

"तुला वाटतं हे मी चालवतोय?"

"मग कोण चालवतंय?"

"कुणीच येऊन सांगत नाही," व्हर्लिन म्हणाला. "फोन नाही, चिठ्ठी नाही. सकाळी उठलं की सगळ्यांना माहीत असतं. मलाही माहीत असतं. कसं, ते तू मला विचारू नकोस."

आवारात एक गाडी शिरली. व्हर्लिन झटकन उठला, टोपी नीट केली, आणि दार उघडायच्या आत त्याचा चेहराच बदलला.

"नाही जमणार," तो मोठ्यानं म्हणाला. "तुमच्या घरी यापुढं खाद्य येणार नाही. मर्लला सांग, दुसरीकडं बघ म्हणावं."

ब्रेंट आणि आणखी दोघं आत आले. ब्रेंटनं टोपी काढली. "कशा आहात, अर्लिसबाई?" त्यानं मनापासून विचारलं आणि तिच्यासाठी दार धरून उभा राहिला.

गाडीत बसून तिनं किल्ली लावली. काचेतून कचेरी स्पष्ट दिसत होती. व्हर्लिन काहीतरी सांगत हसत होता, दोघं त्याच्याबरोबर हसत होते. ब्रेंट मात्र हसत नव्हता. तो भट्टीचं दार उघडून, गुडघ्यावर हात टेकून, आत वाकून बघत होता.